आधी पाहुणी हो

उरण,
रविवार, दुपार

चि. भाचीस,


तुझ्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर तू दसैंनंतर, म्हणजे तिथल्या दसऱ्यानंतर, नेपाळला निघाली आहेस, धादिंग जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात राहणार आहेस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. तू पाठवलेली सामानाची यादीही तिने मला वाचून दाखवली. औषधं, वह्या, लोकरीच्या टोप्या, गिटार, मुलांसाठी बसवलेली नाटुकली. यादी चांगली आहे, पण तिच्यात सगळं देण्याचंच सामान आहे. तिथे काय घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, याचा विचार तुमच्या बैठकांत झालेला दिसत नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

सेवेला निघालेल्या माणसाला वाटतं की आपण देणारे आणि समोरचे घेणारे. प्रभूने सत्तर जणांना दोन-दोन करून पाठवलं तेव्हा नेमकं उलटं सांगितलं होतं. लूकचा दहावा अध्याय काढून पुन्हा वाच. थैली नको, झोळी नको. ज्या घरात घेतील तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका, पुढ्यात वाढतील ते खा. रोग्यांना बरं करणं आणि राज्याची बातमी सांगणं हे त्यानंतर येतं, आधी जेवण. याकोबाच्या विहिरीवर त्या शोमरोनी बाईशी बोलताना प्रभूने सुरुवात कशाने केली? तिच्याकडे पाणी मागून. तिला द्यायला त्याच्याजवळ काय नव्हतं! तरी पहिल्यांदा त्याने तिला देणारी केलं.

हे मला यजमानाच्या बाजूने कळलेलं आहे. तू अगदी लहान होतीस तेव्हा आपल्या मंडळीत परदेशातून एक गट आला होता. कोणत्या देशाचा, कोणत्या मिशनचा, ते महत्त्वाचं नाही. आमच्या बायकांनी पहाटे करंजाला जाऊन ताजं मावरं आणलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कोलंबीचं कालवण केलं, बोंबील तळले. ज्यांच्या घरी महिनाअखेरीला ओढ होती त्यांनीही वाटा उचलला. पाहुण्यांनी नम्रपणे हात जोडले आणि आपल्या पिशव्यांतून डबाबंद खाणं नि बाटलीचं पाणी काढून वेगळ्या टेबलावर बसले. पोट बिघडेल ही त्यांची धास्ती समजण्यासारखी होती. संध्याकाळी त्यांनी सुंदर गाणी म्हटली, मुलांना वह्या-पेन्सिली वाटल्या, सगळ्यांसाठी प्रार्थना केली. ते गेल्यावर मंडळीतल्या एक आजी म्हणाल्या, ‘पोरी, त्यांनी सगळं दिलं, पण आपलं काही घेतलं नाही.’ त्या वाक्यात राग नव्हता. आपल्या हातचं कुणाला चालत नाही, हे या देशात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं, त्यांना ते पुन्हा एकदा, तेही प्रभूच्या नावाने आलेल्या माणसांकडून, कळलं होतं.

त्याच गटातली एक मध्यम वयाची बाई मात्र आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती. पाटावर बसून तिने भाकरी थापायला शिकवा अशी खूण केली. तिची भाकरी परातीतच फाटली, बायका हसल्या, तीही हसली. पाणी तिने उकळून मागितलं, आम्ही आनंदाने दिलं. कालवण तिखट होतं म्हणून तिने नुसती भाकरी आणि बोंबलाचा तुकडा खाल्ला. तेवढंच. पण भांडी घासताना आमच्यातल्या एकीने आपल्या गेलेल्या लेकराबद्दल तिला सांगितलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी रडल्या. त्या गटाने आणलेल्या वह्या कधीच संपल्या, गाणी विसरली, पण ती बाई इथल्या बायकांना अजून आठवते. माझ्या समजुतीप्रमाणे त्या संपूर्ण दौऱ्यातलं मिशनकार्य तिच्या हातून झालं.

आता तू म्हणशील, मावशी, परदेशी मिशन म्हणजे गोऱ्यांनी आपल्याकडे येणं, आपण बाहेर जाणारे नवीन. तसं नाही. आपल्या या किनाऱ्यावरून माणसं फार पूर्वी गेली आहेत. वसईचे गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास जन्मले, वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. आपण प्रॉटेस्टंट लोक त्यांचं नाव क्वचित घेतो, पण घ्यायला हवं. पोरवयात ते येशूसंघी धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि वर्षानुवर्षं राहून जपानी भाषा अशी शिकले की लोकांना ती गोड वाटावी. संघात कायमचा प्रवेश मात्र मिळाला नाही. मग व्यापार केला, मनिलाला गेले, फ्रान्सिस्कन झाले, तेही साधे बंधू म्हणून, धर्मगुरू म्हणून नाही. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांची मंडळी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेली तेव्हा त्यांचा दुभाष्या हा आपला वसईकर होता. क्योतोमध्ये त्या मंडळींनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून मारलं, त्यात गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं गेलं. वसईजवळ गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे.

मला त्यांच्या मरणाइतकीच त्यांची भाषा महत्त्वाची वाटते. धर्मगुरू नसलेला हा माणूस सगळ्यांना हवा होता, कारण तो जपानी लोकांच्या घरात, बाजारात बसून त्यांचं ऐकायला शिकला होता. ऐकणं हाही पाहुणचार स्वीकारण्याचाच भाग आहे. तुझ्यापुढे वर्षं नाहीत, थोडेच दिवस आहेत. तरी निघण्याआधी नेपाळी शिकायला लाग. लिपी आपलीच आहे, पाट्या तुला पहिल्या दिवसापासून वाचता येतील. जेवण छान झालं, पोट भरलं, तुमच्या मुलाचं नाव काय, आजी तुम्ही कशा आहात, एवढं तरी पाठ कर. तिथले विश्वासी एकमेकांना ‘जयमसी’ म्हणतात. आल्या-गेल्या प्रत्येकाला तू आधी म्हण.

दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशींची. ती तुला शाळेत पहिल्या स्त्री डॉक्टरची म्हणून शिकवली, मला ती पाहुणचाराची म्हणून सांगायची आहे. गोपाळराव जोशींनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला राहून गेलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांनी तो पत्रव्यवहार अमेरिकेत आपल्या नियतकालिकात छापला, आणि ख्रिस्ताला स्वीकाराल तर मदत, अशा अर्थाचं उत्तर दिलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात ते १८८० मध्ये आलं. त्यांनी ओळखदेख नसताना त्या मुलीला पत्र लिहिलं, अट न घालता. ४ जून १८८३ ला अठरा वर्षांची आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरली तेव्हा कार्पेंटरबाई तिला न्यायला आल्या होत्या. लुगडं नेसणारी, शाकाहारी, हिंदूच राहणार असं जाहीर सभेत सांगून निघालेली ती मुलगी त्यांच्या घरात लेकीसारखी राहिली आणि कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागली. तिनेही त्या घराला आपल्या हातचं महाराष्ट्रीय जेवण करून वाढलं. १८८७ मध्ये ती पुण्यात वारली, आणि तिची रक्षा पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे.

मी ख्रिस्ती आहे, माझ्या विश्वासाबद्दल मला संकोच नाही. पण वाइल्डरसाहेबांच्या पत्रापेक्षा कार्पेंटरबाईंच्या पाहुणचारात मला ख्रिस्त जास्त स्पष्ट दिसतो. ज्या जेवणाच्या मागे अट असते ते जेवण राहत नाही. शिक्षणाचंही तसंच. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आपल्या अलिबाग-पनवेल भागातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांनी मिशनच्या शाळांत शिक्षण घेतलं, शिकवलंसुद्धा, आणि बहुतेकांनी आपला धर्म सोडला नाही. त्या भाषाज्ञानाने ते आपल्याच शास्त्राच्या अधिक जवळ गेले. कुणी म्हणेल, मिशनचा पैसा वाया गेला. मला तसं वाटत नाही. दिलेलं ज्ञान ज्याने घेतलं त्याचं झालं. त्याचा हिशेब ठेवणं आपलं काम नाही.

नेपाळबद्दल काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. तिथली मंडळी कुणा परदेशी माणसाने नेऊन लावलेली नाही. दार्जिलिंगचे गंगाप्रसाद प्रधान यांनी बायबल नेपाळीत आणलं, ते १९१४ मध्ये पूर्ण छापून झालं. ते घरच्यांना घेऊन काठमांडूला गेले, तर इथे ख्रिस्ती लोकांना जागा नाही म्हणून परत पाठवले गेले. १९५१ नंतर देशाची दारं उघडली तेव्हा आत गेले त्यांत भारतातले नेपाळी विश्वासी होते. त्यांनी मार आणि तुरुंग सोसून मंडळ्या उभ्या केल्या. २०२१ च्या जनगणनेत तिथले ख्रिस्ती १.७६ टक्के, म्हणजे पाच लाख बारा हजारांच्या आसपास भरले. ज्या वडीलधाऱ्यांसमोर तू गिटार घेऊन उभी राहणार आहेस, त्यांच्यापैकी कुणी विश्वासासाठी काय भोगलं आहे हे तुला माहीत नसेल. म्हणून गाण्याआधी त्यांची साक्ष ऐका. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी वेळ ठेवलाय का? नसेल तर तुमचं एक नाटुकलं कमी करा.

तिथे सुट्टी शनिवारी असते, म्हणून उपासनाही शनिवारीच. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी बाराच्या सुमाराला झाला. कितीतरी मंडळ्या तेव्हा प्रार्थनेत होत्या, आणि तिथेच माणसं गेली. देशभरात नऊ हजारांच्या जवळपास जीव गेले. धादिंगलाही मोठा फटका बसला. कुणी आपणहून बोललं तर ऐक. प्रश्न विचारून दुःख उकरू नकोस, आणि देवाने असं का केलं याचं उत्तर तर मुळीच देऊ नकोस.

उपासनेला चपला बाहेर, बसणं जमिनीवर, बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. ओढणी बरोबर ठेव. आपल्याकडे जसं उष्टं तसं त्यांच्याकडे जुठो, आणि ते फार पाळतात. स्वतःच्या ताटातला चमचा भांड्यात घालू नकोस, बाटली तोंडाला लावून दुसऱ्याला देऊ नकोस. काही घरांत परक्याने चुलीपाशी गेलेलं चालत नाही. दारात थांबून विचार. आत ये म्हणाले तर मग बसून भाजी चिरायला घे. जेवण म्हणजे दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी, कधी कोदो म्हणजे नाचणी किंवा मक्याच्या पिठाचं ढिंडो, त्याच्याबरोबर आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक. नाचणीवर वाढलेल्या आपल्या जिभेला ढिंडो परका वाटणार नाही. तुमच्यासाठी कुणी कोंबडं कापेल. ते कदाचित त्या घराने सणासाठी राखलेलं असेल. अरे रे, कशाला कापलंत, असं म्हणू नकोस. खा, आणि मनापासून खा. पोटाची काळजी घे, पाणी उकळून माग, गोळ्या ठेव, पण पंगत सोडून उठू नकोस. आणि वाढून घेताना थोडंच घे, कारण पाहुणे जेवल्यावर उरलेलं घरातल्या बायका खातात.

कायद्याचंही सांगते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचं २६ वं कलम दुसऱ्याचा धर्म बदलवायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. हा कायदा मला बरोबर वाटत नाही. पण तुम्ही चौकात पत्रकं वाटून बसमध्ये बसाल आणि चौकशीला पोलीस येतील ते तुम्हाला जेवू घालणाऱ्या पाळकांच्या दारात. धाडस स्वतःच्या जिवावर करावं, यजमानाच्या नव्हे. ते जे सांगतील ते आणि तेवढंच करा.

कामाचंही तेच. शाळेची भिंत रंगवायची असं तुम्ही पुण्यात बसून ठरवलंत म्हणे. त्या गावाने भिंत मागितली होती का? आपल्या उरणच्या पोरीला हे वेगळं सांगायला नको. नवी मुंबई आणि बंदरासाठी आपल्या जमिनी घेतल्या तेव्हा चांगलं होणार असं सगळेच सांगत होते. तरी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर आले आणि जासई-नवघरला गोळीबारात पाच जण गेले. बंदर नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आमची जमीन घेताना आम्हाला विचारा, आमचा वाटा द्या, एवढंच मागणं होतं. तेव्हा तुमच्या पाळकसाहेबांना आजच सांग, तिथल्या पाळकांना फोन करून विचारा की तुम्हाला काय हवंय. भिंत रंगवायचीच असेल तर गावातल्या रंगाऱ्याला मजुरी द्या आणि तुम्ही त्याच्या हाताखाली राबा.

वस्तू मुलांच्या हातात रस्त्यावर वाटू नका. मंडळीच्या वडिलांकडे द्या, कुणाला काय लागतं ते त्यांना कळतं. मुलांचे फोटो काढून फोनवर सगळ्या जगाला दाखवू नकोस. गरीब घरातलं लेकरू मांडीवर घेतलेला फोटो तुला छान वाटेल, पण त्याच्या आईला विचारलं होतं का? आणि पैशाचं किंवा पुन्हा येण्याचं वचन कुणालाही देऊ नकोस. माणसं त्या वचनाकडे डोळे लावून बसतात.

आता तुमच्या आपसातलं. मंडळीत आपण सहभागिता हा शब्द दर रविवारी वापरतो, पण तिची खरी परीक्षा एका खोलीत दहा गाद्या आणि एकच न्हाणीघर असलं की होते. पहिले दिवस सगळे गोड असतात. मग झोप अपुरी पडते, पाणी बर्फासारखं असतं, एखादी सारखी रडते, एखादा सगळ्यांना हुकूम सोडतो. पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की त्यांनी वाटा वेगळ्या केल्या. पुढे म्हातारपणी पौलाने त्याच मार्काला घेऊन ये म्हणून लिहिलं. भांडण झालं म्हणून सेवा बुडाली असं समजू नकोस, पण रात्री दिवा मालवण्याआधी मिटवा. यजमानांसमोर एकमेकांशी मराठीत कुजबुजू नका. त्यांना वाटतं, आपल्याबद्दलच बोलताहेत. गटात एखादी मुलगी गप्प असते, जिला इंग्रजी येत नाही, जिचे कपडे साधे असतात. परदेशात ती आणखी एकटी पडते. तिच्याशेजारची गादी तू घे. आणि जी तिथे सामान उचलून देतील, चहा करतील, त्या माणसांना तुमच्या पंगतीत बसवा. ती वेगळी बसून जेवणार असतील तर तुमची गाणी कितीही सुरेल असोत, ती सहभागिता नव्हे.

तू घाबरशील म्हणून हे सगळं लिहिलेलं नाही. तुझ्यात माणसांत मिसळण्याचं देणं आहे. लहानपणी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना लाँचमध्ये कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायचीस. तेच देणं बरोबर ने. बाकी सामान निम्मं ठेवलंस तरी चालेल.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नेपाळला तुझ्या वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, गटातल्या सगळ्यांचं तपासून घ्या. डोंगरात फोन लागला नाही तर तुझी आई काळजी करेल, म्हणून तिथल्या पाळकांचा नंबर तिच्याकडे देऊन जा.

आणि निघण्याआधी एक काम माझ्यासाठी कर. तुझ्या इमारतीच्या दारावर रात्री बसणारा राखणदार नेपाळचा आहे असं तू मागे म्हणाली होतीस. त्याचं गाव कोणतं, घरी कोण कोण आहे, दसैंला तो जाऊ शकला का, हे तुला ठाऊक आहे का? नसेल तर या शनिवारी त्याला घरी जेवायला बोलाव. तो बोलावेल तेव्हा त्याच्या खोलीवर जा, आणि तो देईल तो चहा पी.

तुझी,
मावशी